नवस पुरा झाला का

अक्का, तुम्हांला वाचता येत नव्हतं. त्यामुळे तुम्ही हयात असतानाही हे पत्र मलाच तुमच्यासमोर बसून वाचावं लागलं असतं, आणि वाचता वाचता मी त्यातल्या दोन-चार गोष्टी नक्की गाळल्या असत्या. आता तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की गाळायचं काही कारण उरलं नाही. दुपार आहे. ओट्यावर ऊन आलं आहे, समोरून कपाशीच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडे चालल्या आहेत, गाडीवाले नेहमीसारखे वाटेवरून भांडताहेत. तुमची नात आत शिवणाच्या मशीनवर बसली आहे. तुमचा मुलगा जेवून आडवा झाला आहे. सगळं ठीक आहे, हे आधी सांगून टाकते, कारण कुणी काही सांगायला लागलं की तुम्ही पहिल्यांदा तेच विचारायचात.

मी धुळ्याची, शाळामास्तरांची मुलगी. आमच्या घरी कुठल्याही गोष्टीला 'का' विचारायची मुभा होती. ग्रहण लागलं की शेजारी आंघोळीला पळत आणि आम्ही काचेवर काजळी धरून अंगणात उभे राहत असू. आई होती तोवर देवापुढे दिवा लागायचा. ती गेल्यावर वडलांनी देव एका पितळी डब्यात नीट बांधून ठेवले आणि मला म्हणाले, "हे टाकायचे नाहीत, तिचे आहेत. पण मला जे पटत नाही ते मी रोज करून दाखवणार नाही." अशा घरातून मराठी सात यत्ता शिकून मी जळगावला तुमच्या घरी सून म्हणून आले. तुमचा मुलगा जिनात कारकून होता. तुम्ही तापीपलीकडच्या, चोपड्याच्या बाजूच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातल्या. नवरा लवकर गेलेला. शेताचा तुकडा दिरांवर सोपवून तुम्ही एकुलत्या मुलाबरोबर शहरात आलात, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलात, पण बोलणं, जेवण आणि देव हे तिन्ही गावाकडचंच ठेवलंत. चुलीशेजारच्या कोनाड्यात तुमचे चांदीचे टाक होते आणि त्यांना निवेद दाखवल्याशिवाय घरात कुणाच्या ताटात भाकरी पडत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. तुमचा मुलगा कामावरून उशिरा आला होता, भुकेला होता, आणि तुम्ही देवापुढे पाणी फिरवत बसला होता. मी चुलीजवळून म्हटलं, "अक्का, देवाला काय भूक लागते? हे जेवले असते तर बरं झालं असतं." तुम्ही वळून पाहिलंत. रागावलात असं वाटलं नाही. "देवले भूक लागत नही," तुम्ही म्हणालात. "भूक आपले लागस. जराखा दम धराले शिकाले पाहिजे, म्हनीसन निवद शे." मग ताट वाढलंत आणि मला म्हणालात, उद्यापासून निवेद तू दाखव. मी दाखवत गेले. मनात काही न म्हणता दाखवायची, आणि ते तुम्हांला ठाऊक असावं, कारण मी हात जोडले की तुम्ही कधी माझ्याकडे पाहिलं नाहीत.

मानमोडीची, त्या इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली, त्याच्या पुढच्या वर्षी आपली मुलगी झाली. साथीत गल्लीतली किती घरं रिकामी झाली होती आणि आपल्या घरात नवं माणूस आलं होतं, म्हणून तुम्ही तिला खाली ठेवतच नव्हता. ती रांगायच्या आत तिला मोठा ताप आला. कित्येक दिवस ताप डोक्यात चढून राहिला. तुम्ही देवीला साकडं घातलंत, मी दवाखान्यातून औषध आणलं, आणि ताप उतरला. कशानं उतरला यावर आपण भांडलो नाही. दोघींनाही झोप हवी होती.

पोर मोठी होत गेली, हसरी होती, चालली वेळेवर, पण बोलेना. तुम्ही म्हणायचात, "तुन्हा नवरा बी उशिराच बोलना." मीही तेच धरून बसले. मग एक दुपार आली. तुम्ही मोरीवर पाण्यानं भरलेली घागर उचलत होता. ती हातातून सुटली आणि दगडावर आदळली. असा दणका झाला की शेजारीण हातातलं काम टाकून धावत आली, दारावरून चाललेल्या गाडीचा बैल बिथरला. पोर तुमच्याकडे पाठ करून सरकीच्या दाण्यांशी खेळत बसली होती. तिनं मान वळवली नाही. दाणे एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेत राहिली. शेजारीण तुमचा पाय पाहत होती, तुम्ही घागरीचा पोचा पाहत होता, आणि मी तिच्याकडे पाहत होते. संध्याकाळपर्यंत मी तिच्यामागे टाळ्या वाजवून पाहिल्या, ताटावर पळी मारून पाहिली. दिवेलागणीला मी तुम्हांला सांगितलं की हिला ऐकू येत नाही.

तुमच्या तोंडून मला एवढा कठोर शब्द त्यापूर्वी कधी आला नव्हता, नंतरही आला नाही. "पोरले बहिरी म्हनाले तुन्ही जीभ कशी उठनी?" तुम्ही तिला कडेवर घेऊन बाहेर गेलात आणि अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून राहिलात. तिच्या कानाशी तोंड नेऊन तुम्ही काहीतरी बोलत होता, पुन्हा पुन्हा, तेच तेच. ती तुमच्या ओठांना बोट लावून हसत होती. मी दारातून पाहिलं. तुम्हांला कळलं होतं.

डॉक्टरांनी कान पाहिले, घशात पाहिलं, तापाचं विचारलं. ते म्हणाले, तापानं आतली शीर मेली आहे, याला औषध नाही. मुंबईकडे अशा मुलांची शाळा आहे म्हणतात, पण ही फार लहान आहे आणि मला त्याची माहिती नाही. माणूस चांगला होता, खोटी आशा दाखवली नाही. मी घरी आले आणि पडून राहिले. मला लहानपणापासून वाटत आलं होतं की कारण सापडलं की अर्धं काम होतं. आता कारण सापडलं होतं, अगदी स्पष्ट, शीर मेली, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. तुमचं तसं नव्हतं. तुम्ही पहाटे उठून टाकांपुढे बसायचात, देवीशी मोठ्यानं भांडायचात, तिला नाही नाही ते बोलायचात, आणि मग पदर खोचून शेण-पाण्याला लागायचात. मी अंथरुणातून ते ऐकायची. खरं सांगते अक्का, मला तेव्हा तुमचा हेवा वाटायचा. माझ्याकडे भांडायला कुणी नव्हतं.

वडलांना कळवलं तसे ते चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याहून आले. त्यांनी मला उठवून बसवलं, पाटी घेतली आणि कानाची आतली रचना काढून दाखवली. पडदा कसा थरथरतो, ती थरथर आत कशी जाते, कुठे ती अडली असावी. माझं सांत्वन करायची त्यांना तेवढीच रीत येत होती. तुम्ही चुलीपाशी बसून सगळं ऐकलंत. माझ्या वडलांना तुम्ही याहीभाऊ म्हणायचात आणि पदर पुढे ओढून भिंतीकडे पाहत बोलायचात. त्या दिवशी तुम्ही सरळ त्यांच्याकडे पाहिलंत.

"बठ्ठं समजनं, याहीभाऊ," तुम्ही म्हणालात. "पन आते पोरनासंगे बोलानं कसं? तिले भूक लागनी, पोट दुखनं, ते आपले कसं समजी?"

वडलांनी फडकं घेतलं. मग पाटी पुसत म्हणाले, "ते मला ठाऊक नाही, विहीणबाई. पण विचारलंत ते बरं केलंत. त्याचाच विचार करायला हवा." त्या दिवसापासून ते महिन्या-दीड महिन्यानं येऊ लागले. येताना पोरीला खाऊ आणि तुमच्या देवासाठी कापराची पुडी. ते स्वतः कधी कोनाड्यापुढे वाकले नाहीत. पुडी तुमच्यासमोर ठेवायचे आणि तुम्ही ती न बोलता उचलायचात.

पण तुम्ही थांबणाऱ्यातल्या नव्हता. सोमवार धरलेत, डोंगरातल्या मनुदेवीला पायी गेलात, उनपदेवाच्या गरम पाण्याच्या झऱ्यात पोरीला बुचकळून आणलंत. तिच्या गळ्यात इतके दोरे झाले की आंघोळ घालताना मला मान सापडत नसे. त्यावरून आपली कुरबूर चालायची. मग तुमच्या गावचा कुणी नातलग आला आणि म्हणाला, डोंगराच्या पायथ्याला एक भगत आहे, तापल्या तारेनं कानामागे डाग देतो, कितीतरी पोरं बोलती झाली. मी त्याच्यासमोरच नाही म्हटलं. तुमचा मुलगा मान खाली घालून बसला होता. "माय एवढं म्हणते तर एकदा करून पाहू," तो म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. श्रावण लागला होता, गावाला कानबाई देवी बसायची होती, सगळे भाऊबंद जमणार होते. तुम्ही म्हणालात, पोरीला घेऊन जाते. मी म्हटलं, मीही येते.

तापी तुडुंब होती. नावेत तुम्ही पोरीला मांडीवर घट्ट धरून बसला होता, कारण ती पाण्यात हात घालायला वाकत होती. मी पलीकडच्या फळीवर. मी मनात सगळं भाषण तयार केलं होतं. शीर मेली आहे, कातडी जाळून ती जिवंत होणार नाही, हे मी त्या भगतासमोर, दहा माणसांसमोर बोलणार होते. सासू-सुनेचं नातं तुटलं तरी चालेल असं ठरवून निघाले होते.

भगताचं अंगण शेणानं स्वच्छ सारवलेलं. मधे गोवऱ्यांचा विस्तव, त्यात तारा खुपसलेल्या. आमच्या आधी पावरा जमातीची एक बाई आपल्या पोराला घेऊन बसली होती. त्याला काय झालं होतं कुणास ठाऊक, पोट फुगलं होतं. दोघांनी त्याचे हातपाय धरले. तार टेकली तसं त्यानं जे तोंड वासलं, जी किंकाळी फोडली, ती माझ्या अंगावर अजून काटा आणते. आपली पोर तुमच्या मांडीवर होती. तिला किंकाळी ऐकू आली नाही. तिनं त्या पोराचं वासलेलं तोंड पाहिलं, आणि मग मान वर करून तुमच्या तोंडाकडे पाहू लागली. जे काही घडे ते कळून घ्यायला ती तुमच्या तोंडाकडेच पाहायची. भीती वाटण्यासारखं आहे का, हसण्यासारखं आहे का, ते तिथून वाचायची. भगतानं हात पुढे केला. मी उठायच्या आत तुम्ही उठलात.

"नही," तुम्ही म्हणालात. "आमी जातस."

भगत म्हणाला, इतक्या लांबून आलात, देवीच्या दारातून अशी पोर परत नेली तर देवी कोपेल. तुम्ही पोरीला खांद्यावर टाकलं होतं. "ती मन्ही शे," तुम्ही त्याला म्हणालात, जणू देवी म्हणजे घरातलीच थोरली बाई. "तिले मी समजाडी लिसू."

माझं भाषण माझ्यापाशीच राहिलं. बांधावरून परतताना चिखल फार होता, आपण पुढे-मागे चालत होतो. बऱ्याच वेळानं मी विचारलं, अक्का, का उठलात? तुम्ही मागे न पाहता म्हणालात, "ती ईस्तोकडे नही देखी राहिंती. मन्हं तोंड देखी राहिंती." एवढंच. मग पोरीला माझ्या कडेवर दिलंत. तुमच्या डोळ्यांना पदर लागला होता हे मला दिसलं, आणि मी जिंकले असं मला मुळीच वाटलं नाही.

रविवारी कानबाई बसली. साऱ्या घरांनी मिळून दळलेल्या गव्हाचे रोट झाले, बायकांनी गाणी म्हटली. सोमवारी देवी नदीला निघाली. पुढे ढोल, मागे बायका फुगड्या घालताहेत, पाऊस उघडलेला, रस्त्यात पाणी साचलेलं. पोर तुमच्या कडेवर होती. अचानक ती अंग सोडून खाली उतरली आणि गर्दीतून सरळ ढोलवाल्याकडे गेली. मी मागे धावले. तिनं ढोलाच्या अंगाला दोन्ही तळवे लावले होते. ढोलवाला म्हातारा होता, समंजस होता. त्यानं हात थांबवला नाही, फक्त ढोल थोडा खाली धरला. पोरीचे डोळे मोठे झाले. मग तिचे खांदे हलायला लागले, मग पाय. बरोब्बर ठेक्यात, अक्का. आणि ती हसली, आवाज काढून, घोगरा, मोठा आवाज, जो तिनं त्याआधी कधी काढला नव्हता. बायका फुगड्या सोडून तिच्याभोवती उभ्या राहिल्या.

तुम्ही माझं मनगट धरलंत. "देवीनी ऐकाडं तिले," तुम्ही म्हणालात. "कानथून नही, हातथून ऐकाडं."

माझ्या डोळ्यांसमोर वडलांची पाटी होती. मी म्हणायला लागले की ती थरथर आहे, ढोलाच्या कातड्याची थरथर तळव्यांतून जाते. तुम्ही मला पुरतं बोलू दिलंत. मग म्हणालात, "तू तुन्हं सांग, मी मन्हं सांगस. पोर नाची राहिनी ना?"

ती नाचत होती. नदीपर्यंत नाचत गेली.

जळगावला आल्यावर मी वडलांना ढोलाचं लिहिलं आणि ते पुढच्याच आठवड्यात आले. म्हणाले, तळव्याला ढोल कळतो तर गळाही कळेल. मग आपला उद्योग सुरू झाला. पोरीचा हात गळ्यावर ठेवायचा, आवाज काढायचा, मग तिचाच हात तिच्या गळ्यावर. त्या कामाला वडलांचा गळा बारीक पडला, माझाही. तुमचा आवाज जाड, दळताना म्हणायच्या ओव्यांनी तापलेला, तो तिच्या तळव्याला नीट लागायचा. तुम्ही रोज दुपारी ओट्यावर बसून तिच्यासाठी "मा, मा" करत बसायचात आणि येणारी-जाणारी माणसं हसायची. बाकीच्या वेळी तुम्ही हातांनी बोलायचात. कुठून काढल्या होत्या त्या खुणा? दुधाला मुठीची धार, बैलाला दोन बोटं, तुमच्या मुलासाठी कानावर खोचलेली कारकुनाची लेखणी. माझ्यासाठी तुम्ही तळहाताचं पुस्तक केलंत. आणि तिनं तुमच्यासाठी स्वतःच एक खूण काढली, हनुवटीवर बोट टेकायचं, जिथे तुमचं गोंदण होतं. अजूनही तुमचा विषय निघाला की ती तेच करते.

अक्षरं वडलांनी आणि मी शिकवली. तिनं पहिला शब्द लिहिला तो 'बैल', कोळशानं, बाहेरच्या भिंतीवर, कारण दारावरून दिवसभर बैलच जात. घरमालक रागावला आणि तुम्ही त्याला म्हणालात, पुसू नका, दिवाळीला मी भिंत सारवून देते. तुम्ही स्वतः मात्र अक्षर शिकला नाहीत. वडलांनी एकदा आग्रह केला तर म्हणालात, आता हातानं इतकं बोलते की लिहायला जागा नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. पोर तुमच्या कोनाड्यापुढे बसायला इतकी का ओढली जाते हे मला कळत नसे. मला वाटायचं, तुमचं पाहून करते. पुढे ती लिहायला सरावली तेव्हा मी तिला विचारलं. तिनं पाटीवर लिहिलं, तिथे सगळेच गप्प बसतात. मी ती पाटी किती वेळ हातात धरून बसले. बाहेरच्या सगळ्या जगात ती एकटी मुकी होती आणि त्या कोनाड्यापुढे दिवेलागणीला तुम्ही, शेजारीण, तिचा बाप, सारे डोळे मिटून ओठ बंद करून तिच्यासारखे व्हायचे. मी तिला अक्षरं देत होते. तुम्ही तिला ती जागा दिली होती, आणि देताना तुम्हांलाही त्याची कल्पना नव्हती.

आणि मग तो प्रश्न, ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले. पोर नीट मोठी झाली होती. तुम्हांला दम लागायला लागला होता, पायऱ्या चढवत नव्हत्या. एके सकाळी मी भाजी निवडत होते. पोर दारातून आत आली आणि तुमच्याकडे पाहून म्हणाली, "मा." याआधी ती शिकवताना म्हणायची, गळ्यावर हात ठेवून. त्या दिवशी कुणी काही विचारलं नव्हतं. तिला तुमच्याकडून नुसती टोपली हवी होती. आवाज फुटका होता, शेजारच्याला शब्द कळलाही नसता. टोपली घेऊन ती गेली आणि तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात. म्हणालात की पोर तोंडानं माय म्हणेल तर मनुदेवीची ओटी भरीन, असा तुमचा जुना नवस आहे. "आते सांग, मन्हा नवस पुरा व्हयना का?"

मी म्हटलं, अक्का, हे मला काय विचारता? गावाकडे भटजी आहेत, जाणती माणसं आहेत.

"त्या बठ्ठा मन्हं मन राखीसन बोलतीन," तुम्ही म्हणालात. "तू खोटं बोलत नही. म्हनीसन तुले इचारस."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी तेव्हा जो विचार केला तो कुणालाच सांगितला नाही. मला ठाऊक होतं की तो आवाज कसा आला. वडलांची पाटी, तुमचा गळा, कित्येक दुपारी, हजारदा केलेलं मा-मा. त्यात देवीनं काय केलं? पण तुम्ही त्या सगळ्या दुपारी ओट्यावर बसला होता ते कशाच्या जोरावर? माझ्याच्यानं ते झालं नसतं. मला कारण कळलं होतं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी खरं काय ते शोधत होते आणि तुम्ही थांबला होता, घाई न करता, जणू वैद्यासमोर हात दिला आहे. मी म्हटलं, "झाला, अक्का. पुरा झाला." तुम्ही माझ्या तोंडाकडे नीट पाहिलंत. मग उठून ट्रंकेतून खण काढलात.

मनुदेवीला आपण तिघी गेलो, बैलगाडीनं, कारण तुम्हांला चालवत नव्हतं. वडीलही आले होते. ते खाली ओढ्याकाठी बसून राहिले, आणि तुम्ही वरून उतरून आल्यावर त्यांच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलंत. त्यांनी ते खाल्लं आणि म्हणाले, खोबरं चांगलं आहे. तुम्ही पदराआड हसलात. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. शेवटचे दोन दिवस पोरीचा तळवा तुमच्या छातीवर होता, आणि तुमचा श्वास थांबला हे आम्हां सगळ्यांच्या आधी तिला कळलं. तिनंच आम्हांला खुणेनं सांगितलं.

आता पुढचं सांगते. तुमची नात अर्ध्या गल्लीच्या चोळ्या आणि पोलकी शिवते. मशीनमध्ये दोरा अडकला की तिला पायाला कळतं. लग्न झालं नाही. स्थळं आली होती, तिनं स्वतःच पाटीवर 'नको' लिहिलं. दाणाबाजारातल्या मारवाडी दुकानदाराच्या लहान नातीला ऐकू येत नाही. त्यांनी तिला सगळ्या देवळांना फिरवलं आणि शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून आपल्या ओट्यावर आणलं. तिची आजी डोक्यावरचा पदर सावरत रडत होती. तुमच्या नातीनं त्या चिमुरडीचा हात घेऊन आपल्या गळ्यावर ठेवला. त्यानंतर वरणगावकडची एक मुलगी आली, एक बोदवडची. सकाळी त्या पोरी आल्या की आधी तुमच्या टाकांपुढे गप्प बसतात, मग पाट्या काढतात. अक्षरं मी पाहते. त्यातली बोदवडची पोर अशी भराभरा शिकते आहे की माझी तारांबळ उडते. माझे वडील हे पाहायला राहिले नाहीत, तुम्हीही नाही. देव आणि पाटी एकाच खोलीत आहेत. सुरुवातीला मला ते अवघडल्यासारखं व्हायचं, आता होत नाही.

आज का लिहिते आहे ते सांगायचं राहिलं. उद्या मी धुळ्याला जाणार आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. एका डोळ्याचा आता काढायचा आहे, दुसऱ्याचा पुढे. डॉक्टरांना मी सगळं विचारून घेतलं आहे, काय कापतात, किती जणांचं बिघडतं, का बिघडतं. त्याची मला भीती नाही. पण एकाच डोळ्याचा काढला तरी नंतर कित्येक दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी राहणार, मान हलवायची नाही, आणि तुमची नात माझ्या उशाशी असणार. मला तिचे हात दिसणार नाहीत. तिला माझं ऐकू येणार नाही. हे मी डॉक्टरांना विचारलं नाही, कारण ते त्यांचं काम नव्हतं.

तिनं त्यावर तोड काढली आहे. गेले काही दिवस ती मला डोळे मिटून बसवते आणि माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढते. पाणी, दुखतं का, बाबा आले, अशी. मला हळूहळू जमतं आहे. काल संध्याकाळी तिनं एक मोठा शब्द काढला, मला तो लागला नाही. तिनं माझी बोटं दाबून विचारलं, कळलं का? तो धीराचा शब्द होता की तुमच्या देवीचं नाव होतं, मला सांगता येत नाही. मी मान हलवून हो म्हटलं. आज सकाळी तिनं तोच शब्द पुन्हा काढला, तो आजही मला लागला नाही, आणि अक्का, मी पुन्हा हो म्हटलं.